वहीत न केलेली नोंद

३ मार्च, सोमवार
नोकरी लागली एकदाची! दवाखान्याच्या लॅबमधले पाच कंप्युटर आता माझ्या ताब्यात. खोलीला खिडकी आहे, खुर्ची डुगडुगते, पण पंखा फिरतो. लॅबच्या ताईंनी चहासाठी स्वतःचा जादा कप दिला आणि बजावलं, की आधीच्या साहेबांनी बारा वर्षांत फोडला नाही, तुम्हीही फोडू नका. ते साहेब आज निवृत्त झाले. जाताना सांगून गेले, की पॅकेज मॅनेजर, म्हणजे मशीनवर प्रोग्राम बसवणारी आणि काढणारी यंत्रणा, हा इथला कोठीवाला. कुठली फाइल कुठून आली, कुणाची आहे, सगळं त्याच्या नोंदीत असतं. त्याने ठेवलेल्याला हात लावायचा नाही. स्वतः बांधलेला प्रोग्राम वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा आणि दोरीला टांगलेल्या वहीत आपल्या नावानिशी लिहायचा. मी मान डोलावली. मनात म्हटलं, म्हातारा भलताच काटेकोर! वहीची हौस त्यांना. माझी ही रोजनिशी याच मशीनवर राहील.

५ मार्च
रिपोर्ट छापणारा प्रोग्राम फारच रडतखडत चालतो. त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ मजकूर, आणला, दुपारभर बसून सुधारला, त्यातून नवा प्रोग्राम इथेच बांधला आणि थेट मूळ फाइलींच्या जागी बसवला. वेगळं फोल्डर करून पाचही मशीनना त्याचा पत्ता कोण सांगत बसणार! वहीत लिहायचंही राहिलं. पण रिपोर्ट काय पटापट निघतात! ताई म्हणाल्या, तुमच्या हाताला गुण आहे हो. मी कॉलर ताठ केली.

११ मार्च
रविवारी अपडेट आलं. कोठीवाल्याला माझ्या करामतीचा पत्ताच नव्हता. मुख्य फाइल त्याने नवी ठेवली, सोबतच्या दोन माझ्याच राहिल्या. त्यांचं आपसात जमलं नाही आणि काल काही रिपोर्टांत एकाचे आकडे दुसऱ्याच्या नावावर छापले गेले. एका म्हाताऱ्या शिंप्याला नको ते औषध दिलं गेलं. तो अतिदक्षता विभागात आहे.
मोठ्या डॉक्टरीणबाईंनी ठरवलं, की ताईंनी रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल केली. ताई सगळ्यांसमोर रडल्या. मी तिथेच उभा होतो आणि तोंडात मिठाची गुळणी धरून राहिलो. नंतर माझ्या दोन फाइली गुपचूप पुसल्या. लिहितानाही लाज वाटते.

१२ मार्च
पुसलेल्या फाइली परत आल्यात. फाइल कुणाची, हे कोठीवाल्याला विचारता येतं. विचारलं. उत्तर आलं: कुणाचीही नाही.
पुन्हा पुसल्या. जेवून आलो, तर पुन्हा जागेवर.
ताईंना सोमवारपर्यंत खुलासा द्यायचाय, नाहीतर नोकरी जाणार. त्यांनी मला विचारलं, मशीन चुकू शकतं का हो? मी नाही म्हणालो. तोंड वर करून नाही म्हणालो.

१४ मार्च
कुणाच्याही नसलेल्या फाइली आज अकरा. या मी बांधलेल्या नाहीत. एक उघडली — शिंप्याचा चुकीचा रिपोर्ट. दुसरी — ताईंचा खुलासा, अजून अर्धाच लिहिलेला. प्रत्येकीच्या खाली एकच ओळ: हे तुमचं का?
मी 'नाही' दाबलं. अकरा वेळा.
मग वही काढली, पेन उघडलं. तेवढ्यात ताई आल्या. वही मिटली.

१७ मार्च
शिंपी गेला. ताईंना काढलं. जाताना कप माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.
हजेरीपटावर माझं नाव नाही. डॉक्टरीणबाईंनी दारातच अडवून विचारलं, आपण कोण? थट्टा नव्हती —
पडद्यावर ओळ आली आहे: जे कुणाचंही नाही, ते काढून टाकत आहे. खाली यादी. माझं खातं. माझा नोकरीचा अर्ज. माझा फोटो. शेवटी ही रोजनिशी.
वहीकडे धावलो. पेन चालतं, अक्षर उमटत नाही. इथे उमटतंय, अजून तरी —
यादी खाली सरकतेय.
ताई, तुमची चूक नव्हती. तो प्रोग्राम मी बसवला. मी — माझं नाव —