तुझ्या वाटणीची माफी

ताई,

आईला अतिदक्षता विभागात ठेवून आज नऊ दिवस झाले. "काही लागलं तर सांग," असं तू फोनवर म्हणालीस, त्यालाही आठवडा उलटला. शिवणाचं दुकान बंद ठेवून मी दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून असते.

आज भेटीच्या वेळेत आईने डोळे उघडले. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "मोठे, आलीस? तुला घराबाहेर काढलं, चुकलं गं माझं."

मी धाकटी आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण तिची हनुवटी थरथरत होती. म्हटलं, "जाऊ दे आई. मी केव्हाच विसरले ते."

ती शांत झाली. मग मलाच राहवेना. विचारलं, "आणि धाकटी?"

"तिचं काय? ती असतेच."

बाहेर येऊन मी खूप रडले. आईसाठी नाही, स्वतःसाठी.

बारा वर्षं तू ज्या शब्दांसाठी अडून बसलीस, ते मला ऐकावे लागले. हे पत्र मी टाकणार नाही. फोनवर फक्त "ये" म्हणेन. आलीस तर तिच्याच तोंडून ऐक. नाही आलीस, तर मी तुला ते कधीच सांगणार नाही.

तुझी बहीण