चौतीस अक्षरांचं औषध

तीर्थस्वरूप आत्या,

दोन्ही हात जोडून नमस्कार (उजव्या हातात रबरी हातमोजा आहे, तो पाहिला नाहीस असं समज). गुडघे काय म्हणतात? जिना उतरताना कठडा धरतेस ना? इकडे सगळे ठीक. हे निवृत्त झाल्यापासून घरातल्या एकूण एक बिजागऱ्यांना तेल घालत हिंडतात. आता कोण कधी खोलीत आलं ते कळतच नाही, एवढीच काय ती तक्रार.

मी प्रयोगशाळेत नेमकं करते काय, असं तू विचारलं होतंस. तर ऐक. तुझ्या डोळ्यांना जे झालंय त्यात एक प्रथिन चेकाळतं आणि डोळ्याच्या पडद्यामागे नको तिथे रक्तवाहिन्या उगवतात. त्या प्रथिनाची मानगूट धरणारं औषध आम्हाला हवं होतं. अशा औषधाला ॲप्टामर म्हणतात. म्हणजे डीएनएचा एवढासा तुकडा, पण असा दुमडलेला की त्या एकाच प्रथिनावर चपखल बसावा. तो डोकं लढवून सापडत नाही. अब्जावधी वेगवेगळे तुकडे नळीत घ्यायचे, त्यात प्रथिन सोडायचं आणि सगळं एका खास कागदातून गाळायचं. प्रथिन कागदावर अडकतं, त्याला धरून बसलेले तुकडेही अडकतात, बाकीचे वाहून जातात. उरलेल्यांच्या प्रती काढायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. (थोडक्यात नोकरीच्या मुलाखती. उमेदवार बोलत नाहीत, हेच काय ते सुख.)

अशा बारा फेऱ्या आम्ही आठ महिन्यांत केल्या. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझी सहकारी, जिला सगळे ‘शंका’ म्हणतात (तिला त्या असतात म्हणून). शेवटी एक तुकडा असा निघाला की सुटता सुटेना. संचालकबाईंनी स्वतः येऊन माझी पाठ थोपटली. मी घरी येऊन ह्यांना मिठी मारली. हे स्टुलावर चढले होते, त्यामुळे ती गुडघ्यांना बसली.

दुसऱ्या दिवशी शंका हळूच म्हणाली, “ताई, काल एका नळीत मी प्रथिन घालायलाच विसरले. तरी तो चिकटला.”

“कशाला?”

“कागदाला.”

आत्या, आठ महिने खपून आम्ही गाळायच्या कागदासाठी उत्तम औषध शोधलं होतं! संचालकबाई रागावल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाल्या, “कागदाचे डोळे आता ठणठणीत राहतील.” मी तीन दिवस डबा खाल्ला नाही. चौथ्या दिवशी शंकाच म्हणाली, आधी सगळे तुकडे नुसत्या कागदातून गाळू, कागदाला चिकटतील ते फेकू आणि मग प्रथिनाकडे वळू. आणखी सात महिने गेले. आता जो तुकडा हाती आलाय तो डीएनएच्या चौतीस अक्षरांचा आहे. नुसत्या कागदातून तो सुळकन निघून जातो, प्रथिन दिसलं की ठाण मांडून बसतो. मी तीनदा खात्री केली, शंकाने अकरा वेळा.

मग पेटंटच्या वकीलबाई. त्यांच्या खोलीत फायली खुर्च्यांवर बसतात आणि माणसं उभी राहतात. अर्जात कल्पना कशी सुचली ते लिहायचं होतं. शंका म्हणाली, “विसरल्यामुळे.” वकीलबाईंनी लिहिलं, “अनपेक्षित निरीक्षणातून.” मग त्यांनी समजावलं की शोध जगाला नवा असावा लागतो. अर्जाआधी चारचौघांत फुटला की पेटंट गेलं, आणि पेटंट नसलं की कुठली कंपनी माणसांवरच्या चाचण्या करायला पुढे येत नाही. औषध आमच्या फ्रीजमध्येच म्हातारं होणार. “ही अक्षरं बाहेर कुणाला सांगितलीत?” त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं. “छे!” मी म्हणाले. गुरुवारी अर्ज जाईल.

बाकी क्षेम. तब्येतीला जप.

तुझी भाची

ता. क. : ते ‘छे’ बसथांब्यापर्यंत टिकलं. तिथे आठवलं की मागच्या पत्रात आनंदाच्या भरात मी चौतीसच्या चौतीस अक्षरं तुला लिहून पाठवली आहेत. ते पत्र कडीकुलपात ठेव. सोबतच्या कागदावर, मजकूर गुप्त ठेवला आणि कुणाला सांगितला नाही, अशी सही करून उलट टपाली पाठव. खरं तर हे पत्र त्यासाठीच.

ता. क. २ : आत्ता ह्यांनी आठवण करून दिली की तुला पत्रं खालच्या मजल्यावरचे काका वाचून दाखवतात, आणि काकांनी तीस वर्षं स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या आहेत. काका, नमस्कार. मागचं पत्र वाचलंत त्या दिवशी खिडकी उघडी होती का? तुम्हीही सही करा. आणि कृपा करून आवाज खाली घ्या.

ता. क. ३ : काका, हे फक्त तुमच्यासाठी, मनातल्या मनात वाचा. माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या तर त्यात आत्याचं नाव घालता येईल का, असं मी विचारून ठेवलंय. उत्तर आलेलं नाही, म्हणून तिला उगाच आशा लावायची नाही. (आत्या, काकांनी हे मोठ्याने वाचलं असेल, तर तू काही ऐकलं नाहीस.)