टाचा टेकल्या

बुधवार, संध्याकाळ. गारखेडा.

शिसारी आलीय आज. मेकॅनिकची नाही, सुधीरची. माझ्या स्वतःच्या नवऱ्याची.

मी आज एसटीनं परीक्षेच्या ड्यूटीला गेले होते, तेवढ्यात यानं माझी उंच अ‍ॅडव्हेंचर बाइक चिकलठाण्याला नेली आणि सस्पेन्शन खाली घेऊन गाडीच बुटकी करून आणली. मला विचारलं? नाय. "तुझ्या टाचा टेकत नाहीत, लोक बघतात," म्हणे. अरे, चवड्यावर गाडी तोलून त्या उखडलेल्या रस्त्यानं रोज सिल्लोडच्या शाळेत जाते मी. पडले कधी?

मेकॅनिक सोबतच आला होता. माझ्याकडं न बघता सुधीरला सांगत होता, "भैया, अब भाभी के लिए एकदम स्कूटी के माफिक!"

स्कूटी! मग ही घेतली कशाला होती मी?

सासूबाईंनी चाकाखाली लिंबूसुद्धा ठेवलं. बसले. टाचा टेकल्या खऱ्या. सुधीर टाळ्या वाजवतोय, शेजारी हसतायत.

टँकरचं पाणी घ्यायला सोसायटीनं गल्लीत आडवा पाइप टाकलाय. तो फुटू नये म्हणून त्याच्यावर मुरमाचा उंचवटा केलाय. या दुष्काळात देवासारखा जपतात त्याला. कालपर्यंत मी तो सहज ओलांडायचे. आज गाडीचं पोट त्याच्यावर खर्रकन घासलं आणि गाडी तिथंच अडकली.

मागून सुधीर ओरडला, "पाय टेकव, पाय!"

टेकलेलेच होते. दोन्ही, टाचांसकट. गाडी तेवढी जागची हलत नव्हती.