रांजणातला टिकटिक्या

२८ जून
आज संध्याकाळी महादेवाच्या राईत दोन आवाज. एक झऱ्याच्या कपारीतून, एक उंबराच्या मुळीपाशी. घड्याळासारखी टिकटिक, म्हणून मी या बेडकाला टिकटिक्याच म्हणतो. बेडकांचा अभ्यास करणाऱ्या कॉलेजच्या मॅडम सांगून गेल्यात, हा ओल्या जंगलातला जीव, आपल्याकडं फक्त या झऱ्यालाच उरला. यंदा दोनच बोलून राह्यले.

२ जुलै
झरा आटला. घरचा जुना रांजण नेऊन कपारीजवळ गळ्यापर्यंत पुरला, चार घागरी ओतल्या, चढउतार करायला आत काठी टेकवली. गुडघ्यांनी बोंब मारली. पण संध्याकाळी रांजणातूनच टिकटिक! दोघंही आत. लई बरं वाटलं.

५ जुलै
मॅडमचा फोन. "आबा, राई राखीव करायचा अर्ज दिलाय. वेळ लागेल. तोवर तुम्हीच बघा."
वेळ लागेल. बेडकाला कोण सांगणार?

९ जुलै
पाऊस न्हाई. पाऊस मागायला बायांनी धोंडी काढली. मुसळाला कडुलिंबाचा पाला, पाल्यात बेडूक बांधलेला, दारोदार पाणी घेत. आमच्या दाराशी आल्या, पुढं आमची वहिनी, अन् बघतो तर माझा टिकटिक्या. पोटावर पिवळा पट्टा. दुसरा कोण असणार?
"वहिनी, हा कुठं घावला?"
"अख्ख्या गावात एक बेडूक दिसंना, भावजी. तुमच्या रांजणात आयताच बसल्ता."
माझ्याच रांजणानं धरून दिला.
"सोडा त्याला."
"पाऊस पडला की सोडू. बेडकाची दया येते, अन् आमच्या कपाशीची?"
घरधन्यानं तांब्याभर पाणी ओतायचं असतं. मी अख्खी घागर ओतली, हळूहळू, त्याच्या अंगावर.
वहिनी म्हणे, "बघा गं, भावजीची भक्ती!"

१० जुलै
सकाळी वहिनी ओलं फडकं घेऊन आली. उघडलं. मागचे पाय ताठ.
"दर दाराला पाणी घातलं होतं हो," म्हणाली अन् डोळ्याला पदर लावला. रागावता आलं न्हाई. उंबराखाली पुरला. मॅडमना कळवायला फोन घेतला, अन् तसाच परत ठेवला.

१३ जुलै
तीन दिस झाले, रांजण गप. पाणी घालून आलो. आत हात घालून बघायची हिंमत न्हाई.

१५ जुलै
आभाळ कोरडं. बाया उद्या पुन्हा धोंडी काढणार. वहिनी ओट्याशी उभी राहिली, मान खाली.
"भावजी, तिथं अजून एक होता ना?"
न्हाई म्हणालो.
खरं बोललो का खोटं, मलाच ठाऊक न्हाई.