मारेनच्या फीचा अर्ज आणि माझं नको-नको

प्रिय आर्डिस,

दादाचे अनेक आशीर्वाद. आपल्या शाळेतल्या एकडाल बाई टेबलावर पट्टी आपटून कवितेचा ताल धरायच्या, तो टक-टक आवाज परवापासून माझ्या कानात आहे. (तू त्याच तालावर डुलक्या घ्यायचीस.) तुझा गुडघा कसा आहे? इथे मिनेसोटात तळ्यावरचा बर्फ अजून हटलेला नाही, आणि माझी तब्येत तक्रार करण्यासारखी नाही.

आता आपल्या मारेनविषयी. तुमच्या फिलाडेल्फियातल्या कॉलेजने तिला प्रवेश दिला, थोडी आर्थिक मदतही देऊ केली. पण ती मदत मारेनच्या बापाच्या, कार्लच्या, दोन वर्षांपूर्वीच्या पगारावर बेतलेली, आणि तेव्हा कागदाची गिरणी चालू होती. आता माझा हा मुलगा शाळेची बस चालवतो. मदत वाढली नाही तर पोरीचं कॉलेज राहिलंच. फेरविचाराचा अर्ज करता येतो असं कळलं, आणि घरात लिहिता हात माझा, म्हणून काम माझ्याकडे आलं.

मी सुरुवात तळ्यावरच्या धुक्यापासून केली. मग लहानगी मारेन खिशात दगड भरून घरी येते तो प्रसंग (तिला भूगर्भशास्त्र शिकायचंय, म्हणजे विषयाला धरूनच होतं), आणि शेवटी गिरणीच्या भोंग्यावर चार ओळी. कार्लने वाचून विचारलं, "बाबा, यात माझी नोकरी गेल्याचं कुठे आहे?" मी म्हटलं, चौथ्या ओळीत सुचवलंय. त्याने नोकरी गेल्याचा गिरणीचा दाखला जोडला. मारेन म्हणाली, "आजोबा, भोंगा छान वाजलाय, पण तो बंद पडलाय हे त्यांना कळेल ना?" मी खाली टीप टाकली.

आणि अर्ज लागू पडला. मंगळवारी कॉलेजच्या मदतीच्या कचेरीतल्या बाईंचा फोन आला तेव्हा घरात मी एकटाच. फार गोड बोलल्या. घरचं कसं चाललंय विचारलं. मी म्हटलं, ठीक आहे, लोकांचं याहून वाईट असतं. मग म्हणाल्या, मदत बरीच वाढवून देतो, चालेल ना? आर्डिस, तू याच गावात वाढलीस. मी काय म्हणणार? "छे छे, उगाच कशाला तुम्हाला त्रास." त्यांनी विचारलं, "नक्की नको?" हे दुसरं विचारणं. म्हणून मी दुसऱ्यांदा म्हटलं, "आमचं भागतंय हो." (तिसऱ्यांदा 'बरं, आता तुम्ही एवढं म्हणताय तर' म्हणून घ्यायचं, हे तुला सांगायला नको.) तर बाई म्हणाल्या, बरं, तसं लिहून घेते. फोन ठेवला. तिसऱ्यांदा विचारलंच नाही. काय माणसं आहेत गं तुमच्याकडची.

काल मीच धीर करून फोन लावला. कुणा मुलाने विचारलं, काय काम आहे? मी म्हटलं, विशेष काही नाही, सहज. त्यानेही ठेवला. महिनाअखेरीला मदत घ्यायची मुदत संपते, आणि घरात अजून कुणाला यातलं माहीत नाही. मारेन रोज पोस्टाची पेटी उघडून बघते.

बाकी क्षेम. वॉल्टररावांना नमस्कार.

तुझा दादा,
ऑर्व्हिल

ता. क. वॉल्टररावांनी मागणी घातली तेव्हा तू पहिल्याच विचारण्याला हो म्हणालीस, आणि आईला आठवडाभर चर्चमध्ये तोंड दाखवायची चोरी झाली. तो गुण आता कामी येईल. त्या कचेरीत जा आणि आमच्या वतीने तेवढं 'हो' म्हणून ये.

पुन्हा ता. क. पाकीट डकवत होतो, तोच दार वाजलं. मारेनच्या शाळेत कॉलेजची कामं बघणाऱ्या लुंडे बाई. त्या कधी कुणाच्या घरी जात नाहीत. हातात फोन. म्हणाल्या, "ऑर्व्हिलकाका, कॉलेजच्या बाई आहेत. आधी अर्ज करून मग मदत नको म्हणणारं घर त्यांनी आजवर पाहिलं नाही, म्हणून शाळेत चौकशी केली. बोला." मी फोन कानाला लावला आणि म्हटलं, हो.

त्या म्हणाल्या, "मी अजून काही विचारलं नाही."

मी म्हटलं, तरी हो.