मामांची ताटली

तीर्थस्वरूप मामीस,

वाकून नमस्कार, आणि वाकल्यावाकल्या तुझ्या गुडघ्यांची चौकशी. (उत्तर 'आहेत जागेवर' एवढंच येणार, ठाऊक आहे मला.)

मामांनी जाण्याआधी हाडांच्या मगजातल्या पेशी आमच्या प्रयोगशाळेला दिल्या होत्या, आठवतं ना? स्टेम सेल म्हणतात त्या. त्या माझ्याकडे आहेत, उबदार कपाटात, काचेच्या ताटलीत, खाऊनपिऊन सुखी. या पेशींना प्राणवायूचाच जाच होतो, लोखंडासारख्या आतून गंजतात. म्हणून औषध देऊन गंज आवरायचा. पण बेताने, कारण थोडा जाच असल्याशिवाय पेशी कामाला लागत नाही. (मामांचंही तेच होतं म्हणा.) आणि मी काय केलं? आपलं माणूस म्हणून औषधाचा हात सैल सोडला, तू त्यांच्या चहात साखर घालायचीस तसा. झालं! पेशी ढिम्म. ना वाढ, ना हालचाल, रविवारी मामा पडून असायचे तसं. सर म्हणाले, ताटली निकामी आहे, टाकून दे. मला भरून आलं, ते मी सर्दीवर ढकललं.

औषध बंद केलं, तरी ढिम्मच. मग त्या सकाळी तुला फोन लावला. हातात मोजे म्हणून स्पीकरवर, डोळा सूक्ष्मदर्शकाला. बोलताबोलता तू सवयीने आत हाक मारलीस, "अहो, उठा, चहा गार होतोय." आणि मामी, पेशी हलल्या. सगळ्या, एका अंगाला, कूस बदलल्यासारख्या. मी फोन मध्येच ठेवला तो रागाने नव्हे गं, सरांना बोलवायला धावले. त्यानंतर मी फोन केलेला नाही, तरी रोज तुझ्या चहाच्या वेळेला त्या हलतात. बाकी दिवसभर गप्प. सर म्हणतात, हा औषधाचाच उशिरा आलेला गुण. तसं मान्य कर, ताटली राहील; दुसरं काही म्हणत असशील तर कारण दाखव, नाहीतर ताटली कचऱ्यात. आता सरांना काय सांगू, कपाळ?

तब्येतीला जप.

तुझी भाची

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की एक दिवस मामांना हाक मारू नकोस. त्या हलतात का, एवढंच बघायचंय.

ता. क. दुसरा. वरचं मनावर घेऊ नकोस. त्या दिवशी हलल्या नाहीत, आणि पुन्हा कधीच हलल्या नाहीत, तर? सरांना मी औषधाचाच गुण सांगते. तू हाक मार. आणि जरा मोठ्याने मार, काल उठायला त्यांना उशीर झाला.