पंधरा मिनिटं पुढे

४ मार्च

तीर्थस्वरूप ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून मनातलं सांगता येत नाही, म्हणून पत्र.

परवा माळ्यावरची बाबांची पत्र्याची पेटी उघडली. किल्ल्या, तेलाची कुपी, चामड्यात गुंडाळलेलं भिंग, आणि सगळ्यांच्या तळाशी निळी वही. चाळीस वर्षं दर सोमवारी मनोरा चढून बाबांनी गावाच्या घड्याळाला चावी दिली, त्याच्या नोंदी. पहिल्याच पानावर त्यांच्या त्या उभ्या, ताठ अक्षरात लिहिलंय: गावाला उशिराची खोड आहे. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे ठेवावं. कुणास सांगू नये.

ताई, मी तिथेच धुळीत बसलो. माळ्याच्या झरोक्यातून ऊन येत होतं आणि मी पुन्हा बारा वर्षांचा झालो. तू एकोणीसची. शिखरावर जाऊन त्याच दिवशी परत येणार होतीस. ठीक बाराला वरून आरशाचा कवडसा पाडणार होतीस आणि शाळेच्या गच्चीवरून, बाबांच्या दुर्बिणीतून, मी तो बघणार होतो. मनोऱ्यावर बाराचे ठोके पडले. मी बघितलं. नुसतं पांढरं शिखर. तुझं मनगटी घड्याळ मात्र रेडिओवर लावलेलं होतं. म्हणजे माझे बारा वाजले तेव्हा तुला अजून पाव तासाची चढण बाकी होती.

मी घरी सांगितलं की काही दिसलं नाही. बाबांनी तेच हवामान केंद्राच्या साहेबांना सांगितलं. एका दिवसात वर जाऊन परत येऊन दाखव, वरची यंत्रं वाचायची नोकरी तुझी, असं साहेब तुला म्हणाले होते. डोंगर दोन दिवसांचा आहे, पोरगी थापा मारते, असं ठरलं. तुझी नोकरी गेली आणि तुझा शब्दही गेला.

तर मी ठरवलंय. मी जाणार. एकाच दिवसात वर आणि खाली. एकाहत्तर वर्षांच्या, डाव्या गुडघ्यात पावसाचा अंदाज बाळगणाऱ्या म्हाताऱ्याला जर हे जमलं, तर एकोणीस वर्षांच्या तुला जमलं नसेल असं कोण म्हणतो ते बघू.

लोभ आहेच, हे पत्र वाचून झाल्यावरही असू द्यावा.
तुझा,
कविराज


१३ मार्च

चि. कविराज यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. एकोणसाठ वर्षांनी माझ्यासाठी पंधरा मिनिटं शोधून काढलीस, आभारी आहे. कुठे ठेवू?

तू कुणाला पटवायला निघालास? साहेब गेले, बाबा गेले, शेजारचे गेले. सगळे वर पोचले, तेही डोंगर न चढता. राहिले मी. मला पुरावा नको. मी गेले होते. रोज सकाळी गॅलरीत चहा पिताना तो डोंगर समोर असतो आणि मी गेले होते हे त्यालाही माहीत असतं. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून लोकांच्या गाठी घालून दिल्या, त्यात कान गेले. पण त्या दिवशी शिखरावर वारा कसा वाजत होता, ते अजून ऐकू येतं.

तेव्हा माझ्यासाठी जाऊ नकोस. स्वतःसाठी जायचं तर जा, मी अडवणार नाही.

एक मात्र विचारते. आदल्या संध्याकाळी माझ्या हातावर टाळी देऊन तू म्हणाला होतास की अर्धा तास गच्चीवरून हलणार नाही. मग तुझ्या त्या घड्याळात सव्वाबारा झाले, तेव्हा तू कुठे होतास?

गुडघ्याला तेल लाव. माया आहे म्हणूनच विचारलं, हे समजून घ्यावं.
तुझी,
ताई


२८ मार्च

ती. ताईस,
सा. न.

दोन आठवडे उत्तर लिहीत होतो आणि फाडत होतो. तू नेमकं तिथेच बोट ठेवलंस, जिथे मी आयुष्यभर कविता ठेवत आलो.

त्या दिवशी शाळेत पाठांतराची स्पर्धा होती. बारा वाजून दहा मिनिटांनी माझा नंबर. बारा वाजून पाच मिनिटांनी मी गच्ची सोडली. जिना उतरताना कविता चालीवर म्हणत होतो, कुठे अडखळायला नको म्हणून. अडखळलो नाही. पहिला आलो. बक्षीस म्हणून पेन मिळालं, आणि त्याच पेनानं मास्तर होऊन मी चाळीस वर्षं पोरांच्या चुका काढल्या. रात्री जेवताना बाबांनी विचारलं, अर्धा तास होतास ना? मी हो म्हणालो.

घड्याळावर सगळं ढकलून मोकळा होणार होतो. तू होऊ दिलं नाहीस.

आणि पहिल्या पत्रात एक गोष्ट दाबून ठेवली होती, तीही लिहितो. निळ्या वहीत त्या दिवसानंतरच्या सोमवारी एवढंच आहे: पंधरा मिनिटं. बोललो नाही.

म्हणजे बाबांनी हिशेब लावला होता, ताई. माझा नंबर बारा-दहाचा, हे त्यांना ठाऊक होतं, तेव्हा माझा हो खोटा हेही त्यांनी ओळखलं असणार. पण तुझं खरं ठरवायचं तर गावासमोर घड्याळ खोटं ठरलं असतं.

मी चोवीस मेला चढतोय. माझ्यासाठी. बाबांचा दाढीचा आरसा, तू नेला होतास तोच, बरोबर नेतोय. बाराला, रेडिओच्या बाराला, गॅलरीत बसशील? बसलीच पाहिजेस असं म्हणायचा हक्क मला नाही.

राग असला तरी पत्र यावं.
तुझा,
कविराज


९ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, आता तूच काहीतरी कर. बाबा रोज सकाळी पाठीवर शब्दकोशाचे चार खंड बांधून आमच्या इमारतीचे सहा मजले आठ वेळा चढतात. चढताना मोठ्यानं कविता म्हणतात. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं कुणीतरी मदतीला बोलावतंय, त्या पाणी घेऊन धावल्या. बाबा पाणी प्यायले आणि त्यांना वृत्त समजावून सांगत बसले.

डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हृदय ठीक आहे, अक्कल तपासायचं यंत्र माझ्याकडे नाही. बाबांनी हे प्रशस्तिपत्रक समजून फ्रीजवर लिहून चिकटवलंय. वाट दाखवायला कोण, तर माझ्यापेक्षा लहान मुलगी. ती फोनवर म्हणाली की आजोबांचा दम चांगला आहे, मात्र ते फार बोलतात.

ते तुझं ऐकतात. नको जाऊ म्हणून दोन ओळी लिही. हसून लिहितेय, पण रात्री झोप लागत नाही.

आठवण ठेव, आणि उत्तर लवकर दे.
तुझी,
भाची


१७ एप्रिल

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी काळजी खरी आहे. तरी त्या दोन ओळी मी लिहिणार नाही. या घरानं डोंगराच्या पायथ्याशी एकीला अडवलं, ते पुष्कळ झालं.

त्याला चांगले हातमोजे घेऊन दे, लोकरीचे नकोत, ओले होतात. आणि त्या मुलीला सांग, तो थकला की गप्प होतो. बोलतोय तोवर चालवत राहा, गप्प झाला की बसव.

आशीर्वाद तुलाही, त्या मुलीलाही.
तुझी,
आत्या


२६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो, ताई. आणि आलो.

शेवटच्या बसथांब्यावरून पहाटे तीनला निघालो. बर्फ त्या वेळी काचेसारखा कडक असतो, बुटांना बांधलेले लोखंडी दात त्यात कचकच रुततात. दोघांच्या कमरेला एकच दोर. वाटाडीनं सुरुवातीलाच बजावलं की बाराला शिखरावर नसू तर असू तिथून परत. दुपारी बर्फ भुसभुशीत होतो, वरून दगड सुटतात. तिच्याशी वाद नाही. मी वाद घातला. ती दोर आवळत राहिली, मी मुकाट्यानं मान डोलावली.

चालायची युक्ती माझी होती. सपाटीला लांब वृत्त, चढाला ओवी, एका पावलाला एक शब्द. एका उभ्या चढावर चुकून शार्दूलविक्रीडित धरलं, दुसऱ्या ओळीलाच फेफे उडाली. वाटाडी म्हणाली, आजोबा, ही कविता उतरताना म्हणा.

नऊला डोंगराच्या खांद्यावर पोचलो. तुझं हवामान केंद्र आता ओस आहे. दाराला कडी नाही, आत खिडकीपर्यंत बर्फ, भिंतीवर यंत्रांचे रिकामे खिळे. मी आत एक टेबल शोधत होतो, तू जिथे बसली असतीस ते. वाटाडीला विचारलं, तुला ही नोकरी कुणी दिली? तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, मी अर्ज केला, त्यांनी डोंगर चढून दाखव म्हटलं, मी दाखवला. घरच्यांनी काय म्हटलं, असं विचारलं तर म्हणाली, हातमोजे नीट वाळव म्हटलं.

त्यानंतरचं फारसं आठवत नाही. मी गप्प झालो होतो. तिनं मला बसवलं, कपाळावर हात ठेवला आणि घड्याळ दाखवलं. पावणेबारा. वर शेवटची चढण, जिन्यासारखी उभी. म्हणाली, पाव तास राहिलाय, आजोबा, परत फिरलो तरी कुणी काही म्हणणार नाही.

ताई, बाबांच्या घड्याळात तेव्हा बारा वाजले होते. तिथे सगळं संपलं होतं. आणि तुझ्या घड्याळात अजून पंधरा मिनिटं होती.

मी तिला म्हणालो, "माझ्या बहिणीच्या घड्याळानं चल."

दोन मिनिटं उरली असताना पोचलो. शिखर म्हणजे फळ्यापुढच्या चौथऱ्याएवढी जागा. वर लख्ख ऊन आणि खाली सगळा ढग, गाव नाही, मनोरा नाही, तू नाहीस. तरी बाराला आरसा काढला आणि दहा मिनिटं ढगावर कवडसा पाडत राहिलो. वाटाडी फोटो काढत होती, मी नको म्हणालो. तुझ्याकडे कुठे होता?

संध्याकाळी साडेसहाची बस मिळाली. अंगठ्याचं नख काळं पडलंय, गुडघा माझ्याशी बोलत नाही, आणि घरी लेक एका डोळ्यानं रडते, एका डोळ्यानं रागावते.

तुला काही दिसलं नसणार, मला माहीत आहे. माझ्यापाशी दाखवायला काही नाही. शब्द तेवढा आहे, आणि तो मी आधी एकदा खोटा करून बसलोय.

तरीही तुझा,
कविराज


२ जून

चि. कविराज यास,
अनेक आशीर्वाद.

साडेअकरापासून साडेबारापर्यंत गॅलरीत होते. दुर्बीण डोळ्यांवरून खाली घेतली नाही. कवडसा सोड, डोंगरसुद्धा दिसला नाही. चहा गार झाला.

समोरच्या घरातल्या निवृत्त गृहस्थांना तू चढतोयस हे मी सांगितलं होतं, ते त्यांच्या गॅलरीतून माझ्याकडेच बघत होते. संध्याकाळी दाराशी येऊन हातवारे करत विचारू लागले की भाऊ पोचला का, काही दिसलं का. मी सांगितलं, नाही दिसलं. ते मान हलवत माझ्या कानाशी मोठ्यानं म्हणाले, या वयात, एका दिवसात, अवघडच होतं. तो आवाज मी ओळखते. एकोणसाठ वर्षांपूर्वी आपल्या स्वयंपाकघरात ऐकला होता.

त्या दिवशी बाबा बोलले नाहीत. तू बोललास ते खोटं बोललास. काल तुझं पत्र आलं, ते घेऊन मी समोरच्या गृहस्थांच्या दारात गेले आणि पत्र न दाखवताच म्हणाले, "तो म्हणतो गेलो, म्हणजे गेला."

एवढंच बोलायचं असतं. मी घड्याळात बघितलं, दोन सेकंदही लागले नाहीत.

नखाला हळद लाव. गुडघा बोलू लागला की इकडे ये. डोंगर स्वच्छ दिसतोय सध्या, दोघं मिळून बघू.

माया होती, आहे.
तुझी,
ताई